अकरा वाकलेल्या पिना

पंखे फिरू लागले. आधी प्रोसेसरवरचा, मग कॅबिनेटच्या मागचा. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक तांबडा दिवा लागला आणि तसाच राहिला. मॉनिटर मात्र काळाच. सिग्नल नसल्याची छोटी पाटी त्यावर इकडून तिकडे तरंगत होती.

मी मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. एकच ठेवून पाहिली, मग दुसरी. केबल बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं, हे फिजिक्सच्या प्रयोगशाळेत पाच वर्षांत अंगवळणी पडलं होतं. वहीत चौदा नोंदी झाल्या. चौदाव्या नोंदीसमोरही मी ‘तांबडा दिवा’ एवढंच लिहिलं.

शुक्रवार होता. दुपारचे तीन. सोमवारी बारा वाजेपर्यंत हे यंत्र चालू होणं भाग होतं.

हेरवाडे सर विद्यापीठातून निवृत्त झाले होते, पण त्यांचं विजांचं वेड गेलं नव्हतं. तीन गावांत त्यांनी यंत्रं बसवली होती. आकाशात वीज चमकली की तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी ही यंत्रं टिपायची. तिन्ही ठिकाणी लहर पोचायला किती वेळ लागला त्यावरून वीज नेमकी कुठे पडली ते काढता येतं. सरांनी मला एका आठवड्याची नोंद दिली होती आणि म्हणाले होते, ह्या विजांचा नकाशा सोमवारी दुपारपर्यंत पाठव. जमलं तर वर्षभराचं काम तुझं, घरी बसून, पण कॉम्प्युटर तुझा. साताऱ्याचा एक मुलगाही विचारत होता, हेही त्यांनी लपवलं नाही.

माझा कॉलेजातला लॅपटॉप ती फाइल उघडतानाच गुदमरायचा. म्हणून मी कॉम्प्युटर स्वतः जुळवायला घेतला. कॅबिनेट बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, त्यावर ‘केबिन नं. ६’ असं चिकटवलेलं. मॉनिटर जुना. बोर्ड दुकानात वर्षभर पडून राहिलेला, म्हणून कमी किमतीत. प्रोसेसरवर तेवढा मी हात सैल सोडला होता. तो त्याच वर्षी आलेला, ताजा. हे काम मिळालं तर मी कोल्हापुरात राहणार होते. नाहीतर महिनाअखेर खोली सोडून गारगोटीला आईकडे.

मैत्रिणी पुण्याला, हैदराबादला गेल्या होत्या. राजारामपुरीतल्या त्या खोलीत मी एकटीच उरले होते आणि मला ते आवडतं, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मी दुकानात फोन लावला. दुकानदार मुल्लाणी म्हणून होते. मी चौदाच्या चौदा नोंदी वाचून दाखवल्या. त्यांनी मध्ये कुठेही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “झालं वाचून? ताई, मी म्हटलं होतं, दोन तास द्या, जुळवून देतो. तुम्ही म्हणालात, मला येतं.”

मग त्यांनी समजावलं. बोर्ड आधीचा, प्रोसेसर नंतरचा. बोर्डाच्या पोटात जो मूळ प्रोग्रॅम असतो त्याला ह्या नव्या प्रोसेसरची ओळखच नाही. तो प्रोग्रॅम बदलता येतो, फाइल इंटरनेटवर मिळते, पेनड्राइव्हवर घ्यायची. पण तो बदलायला बोर्ड आधी चालू व्हावा लागतो, आणि चालू व्हायला त्याच्या ओळखीचा, म्हणजे आधीचा प्रोसेसर लागतो. अर्ध्या तासापुरता.

मी विचारलं, तुमच्याकडे आहे का. नव्हता. कंपनीकडे पाठवला तर दहा दिवस लागणार होते. “कुणाकडनं तरी उसना घ्या,” ते म्हणाले. “कोण मित्र-बित्र असतीलच की.”

मला एकही नाव आठवेना. ते फोनवरून त्यांनाही कळलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी जुनी पावतीबुकं चाळली आणि एक नंबर दिला. हुपरीत एक म्हातारे गृहस्थ होते, जिनपाल शेंडुरे. दोन वर्षांमागे त्यांच्या मुलीने असंच सगळं सामान नेऊन त्यांना कॉम्प्युटर जुळवून दिला होता. प्रोसेसर मला हवा तोच.

अनोळखी माणसाला फोन करून त्याचा चालता कॉम्प्युटर उघडू द्या म्हणणं मला फार अवघड गेलं. काय बोलायचं ते मी आधी वहीत लिहून काढलं. त्यातलं दुसरं वाक्य संपायच्या आतच पलीकडून आवाज आला, “या की. कवा येताय?”

शनिवारी सकाळी एसटीत मांडीवर खोकं घेऊन बसले. खोक्यात बोर्ड, मेमरी, पंखा, पॉवर सप्लाय. नवा प्रोसेसर वेगळ्या डबीत, पर्समध्ये. हुपरीला उतरल्यावर घराघरांतून बारीक टकटक ऐकू येत होती. चांदीचं गाव ते. पैंजणं, घुंगरं तिथून सगळीकडे जातात.

शेंडुरे काका दारातच उभे होते. सत्तरीचे, अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं काळसर आणि गुळगुळीत. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता, धुतलेल्या टॉवेलने झाकलेला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

“लाइट न्हाई,” ते म्हणाले. “तारांचं काम चाललंय. बारा वाजंस्तवर येत न्हाई म्हणालेत. बसा, च्या ठेवतो.”

मी म्हटलं, तोवर उघडून ठेवते. वीज आली की लगेच काम होईल.

चहा घेता घेता त्यांनी सगळं विचारून घेतलं. गाव कुठलं, घरी कोण, वडील नाहीत म्हणजे कधीपासून नाहीत, एकटीच राहता काय. मी थोडक्यात उत्तरं देत होते. मग ते स्वतःचं सांगू लागले. चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या. बायको गेल्यावर काम थांबवलं. मुलगी त्रिशला बंगळूरला इंजिनिअर. मोबाइलवर चेहरा बारीक दिसतो म्हणून तिने हा मोठा पडदा बसवून दिला. दर रविवारी सकाळी दहाला ती त्यावर येते, नातू येतो. गणपतीत आली होती तेव्हा तिने ह्याच्यातले सगळे प्रोग्रॅम नवे करून दिले.

“तिचं एकच टुमणं,” काका म्हणाले. “आप्पा, चला हिकडं. घरात कोण येत न्हाई, जात न्हाई. पडलासा तर कळायचं कुणाला?”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणतो, येत्यात की माणसं.”

मी तिथे पोचून तासभर झाला होता. तेवढ्या वेळात दारावरून दोघेजण गेले, आत कोणी आलं नाही.

मी कॅबिनेटची बाजू उघडली. प्रोसेसरवर पंखा असतो, पंख्याखाली धातूचा ठोकळा, आणि ठोकळा व प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट. दोन वर्षांत ती पेस्ट सुकून डिंकासारखी चिकटते. म्हणून आधी यंत्र दहा मिनिटं चालवून ती गरम करायची, मग ठोकळा डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचा, सरळ वर ओढायचा नाही. मला हे माहीत होतं. मी ते तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत पाहिलं होतं, वहीत लिहून अधोरेखित केलं होतं.

पण वीज नव्हती. आणि काका समोरच्या खुर्चीवर बसून मला जेवूनच जायचा आग्रह करत होते. मला कुणाच्या घरी जेवायची सवय राहिली नव्हती. लवकर आटपावं म्हणून मी क्लिपा काढल्या आणि ठोकळा वर ओढला.

ठोकळ्याबरोबर प्रोसेसर उपसून आला.

मी ठोकळा उलटा केला. प्रोसेसर त्याला चिकटलेला होता. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक सोनेरी पिना असतात, तेराशेच्या वर, ओळीने उभ्या. एका कोपऱ्यातल्या पिना वारा लागलेल्या गवतासारख्या आडव्या झाल्या होत्या. मी मोजल्या. अकरा.

बोर्डात त्यांच्यासाठी तेवढीच बारीक छिद्रं असतात. एक जरी पिन वाकडी असली तरी प्रोसेसर बसत नाही.

“कॉफी चालती का च्याच ठेवू?” काका उठत म्हणाले.

“आत्ताच झाला की, काका.”

“परत घ्या. थंड हवा हाय.”

थंड हवा नव्हती. ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ त्यांचं पाऊल बाहेर आलं नाही.

त्या वेळात मी दोन गोष्टी करू शकत होते: हाक मारून सांगणं, नाहीतर पिना सरळ करून बघणं. मी तिसरी केली. पर्समधली डबी काढली. त्यांच्या बोर्डात मुलीने सगळं नवं करून ठेवलं होतं, म्हणजे त्याला माझ्या प्रोसेसरची ओळख असणार. माझा कोरा प्रोसेसर मी त्यांच्या बोर्डात बसवला, त्यांचा ठोकळ्यावरून फिरवून सोडवला, ठोकळा पुसला, सोबत आणलेल्या नळीतली पेस्ट लावली, क्लिपा आवळल्या. त्यांचा प्रोसेसर माझ्या डबीत घालून पर्समध्ये टाकला. आश्चर्य वाटावं इतक्या सफाईने मी ते केलं.

चहा आला. आम्ही तो प्यायलो. काका माझ्याकडे बघत होते, पण काही विचारत नव्हते. दारावरून जाणाऱ्या एका बाईंना त्यांनी हाक मारून, माझ्याकडे पाहुणी आलीय, असं सांगितलं. त्या हसून पुढे गेल्या.

बाराला दहा कमी असताना वीज आली. मी बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर एका लहान मुलाचा फोटो आला, दात पडलेला.

“तुमचं झालं काय काम?” काकांनी विचारलं.

“नाही. तुमचा प्रोसेसर माझ्या बोर्डाला जुळत नाही,” मी म्हणाले.

“असं हुय.” त्यांनी टॉवेलची घडी घातली. “अजून काय असंल तर बोला.”

“नाही, काही नाही.”

“मग परत या कवातरी. सवडीनं.”

“येते,” मी म्हणाले आणि खोकं उचललं. जेवायला थांबले नाही.

घरी येऊन मी डबी उघडली. शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीचं टोक पिनेवर टोपीसारखं बसवून हळूच उभी करायची, अशी एक पद्धत वाचली होती. शनिवार संध्याकाळपर्यंत तीन पिना सरळ झाल्या. चौथी सरळ करताना तिची शेजारीण वाकली. मी हात धुतले, पुन्हा बसले. पुन्हा मोजल्या. नऊ.

माझा नवा प्रोसेसर तिकडे हुपरीत होता. तो इथे असता तरी माझ्या बोर्डाला ओळखीचा नव्हता. आणि ओळखीचा होता तो माझ्या हातात, वाकलेला.

रविवारी सकाळी दहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर ‘हुपरी शेंडुरे’. मला लगेच कळलं, मुलगी दहाच्या कॉलवर आली असणार, तिला तिकडून कुठेतरी प्रोसेसरचं नाव दिसलं असणार, आणि ती विचारत असणार की हे काय, माझा कुठे गेला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरत थरथरत काठापर्यंत सरकला आणि थांबला. दहा वाजून अकराला पुन्हा वाजला. दहा वीसला तिसऱ्यांदा, आणि ह्या वेळी फार वेळ वाजत राहिला. नंतर नाही.

दिवसभर मी पिनाच सरळ करत होते. एक उभी राहिली की दुसरी वाकायची; रात्री मोजल्या तेव्हाही नऊच.

सोमवारी साडेअकराला सरांना ई-मेल लिहिला. बोर्ड सदोष निघाल्यामुळे काम वेळेत होऊ शकत नाही, क्षमस्व. पाच वर्षं मी प्रयोगाचा एक आकडा कधी मनाने भरला नव्हता. वर्गात त्यावरून माझी थट्टा व्हायची. ते वाक्य मात्र मी एकदाच लिहिलं, खाडाखोड न करता.

सरांचं उत्तर चार ओळींचं होतं आणि त्यात राग नव्हता. असं होतं, त्यांनी लिहिलं होतं. साताऱ्याच्या मुलाचा नकाशा सकाळीच आला, चांगला आहे, त्यालाच पुढचं देतो. तुला शुभेच्छा.

मी घरमालकांना महिनाअखेरचं सांगून आले. आईला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं, एकटी काय करत होतीस तिथं.

काम गेल्यावर लपवण्यासारखं काही राहिलं नाही असं मला वाटू लागलं. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. त्यांची वस्तू परत करावी, जे बोलतील ते ऐकून घ्यावं, म्हणून गुरुवारी सकाळी पुन्हा एसटी धरली. शनिवारचं खोकं अजून तसंच भरलेलं होतं, तेही घेतलं. ते का घेतलं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

काकांच्या दारात दोन ट्रंका उन्हात उघड्या पडल्या होत्या. आत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ओळीने. ते जमिनीवर बसून एका परातीला सुतळी बांधत होते. मला पाहून त्यांनी सुतळी सोडली नाही. “या,” म्हणाले. “टेबलावर जागा हाय बघा.”

“काका, कुठे निघालात?”

“त्रिशला येतीया शनवारी. न्यायला.”

मी तिथेच दाराच्या चौकटीशी उभी राहिले. ते गाठ मारत सांगू लागले, सावकाश, जणू दुसऱ्या कुणाचं सांगताहेत. रविवारी मुलीने पुन्हा तोच विषय काढला. ते म्हणाले, येतात माणसं, कालच एक कोल्हापूरची पोरगी येऊन गेली, कॉम्प्युटरमधली, दोन तास बसली, दोनदा चहा झाला, परत येणार आहे. मुलीला ते खरं वाटलं नाही.

“म्हणाली, आप्पा, कायतरी सांगू नगा. म्हटलं, थांब, बोलायलाच लावतो तुला. लावला फोन.” त्यांनी गाठ ओढून पाहिली. “तीनदा लावला. नातू पण हसाय लागला. मग म्हटलं, येतो.”

मी जे बोलले ते मला बोलायचं नव्हतं. “मला वाटलं, तुम्हाला प्रोसेसरचं कळलं. म्हणून मी...”

“त्ये मी शनवारीच बघितलं हुतं.”

“कधी?”

“उपसून आला तवाच. समोर तर बसलो हुतो.”

“मग बोलला का नाही तुम्ही?”

“तुम्ही बोलशीला म्हणून थांबलो,” ते म्हणाले. “च्या दोनदा ठेवला.”

मी पर्समधून डबी काढून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. त्यांनी ती उघडली, प्रोसेसर काठांना धरून उजेडाकडे केला, जवळ नेला, लांब नेला आणि मान हलवली. मग उठून बांधलेल्या बोचक्यांपैकी एक सोडलं. त्यातून एक भिंग निघालं, डोळ्याला लावायचं, आणि एक चिमटा. चिमट्याची टोकं सुईसारखी होती.

“कशानं सरळ करत हुतासा?”

“पेन्सिलीने.”

त्यांनी भिंगातून वर पाहिलं. हसले असावेत, भिंगामुळे नीट कळलं नाही. “पैंजणाची कडी ह्याच्यापरीस बारीक असती वो. सांगायचं तरी.”

मी मोबाइलची बॅटरी धरून शेजारी बसले. ते पिनेला चिमटा लावायचे तर ती हललीसुद्धा वाटायची नाही. मग दुसऱ्या बाजूने लावायचे. पुन्हा पहिल्या. एका दमात सरळ करायला गेलं की मुळातून तुटते, असं ते स्वतःशीच म्हणाले. मध्येच विचारलं, हे सोनंच हाय काय. मी म्हटलं, मुलामा. “व्हय, मुलामाच,” ते म्हणाले, “सोनं एवढं ताठ ऱ्हात न्हाई.” माझे चार दिवस गेले होते त्या नऊ पिनांना त्यांना बारा-तेरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगते.

“मी बोलू का त्रिशलाताईंशी?” मी विचारलं. “आत्ता फोन लावा. मी सगळं सांगते.”

“आता नगं.”

“का? ऐकतील त्या.”

“रजा काढलीया तिनं. पोराच्या शाळेचं बघून तिकिटं काढलीत. आता तुम्ही बोललासा तर खरं म्हणंल ती. आणि मग तिलाच वाईट वाटंल.” त्यांनी भिंग काढून पुसलं. “बसवा. बघू चालतंय का.”

मी टेबलावर खोकं उघडलं. त्यांच्या यंत्राला हात लावला नाही, फक्त मॉनिटरची तार माझ्या बोर्डाला जोडली. प्रोसेसर छिद्रांवर ठेवला. तो दाबावा लागला नाही, आपल्या वजनाने खाली बसला. पंखा लावला, बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. मी तीन मोजले, आणि तो विझला. पडद्यावर अक्षरं आली.

“काय म्हणतंय?” काकांनी विचारलं. ते भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले होते.

“चालू झालं म्हणतंय.”

“मग आता?”

आता पेनड्राइव्हवरून बोर्डाला नवा प्रोग्रॅम द्यायचा होता, म्हणजे तो माझ्या प्रोसेसरला ओळखू लागला असता. मग ज्याचा त्याला परत द्यायचा, त्यांचा त्यांच्या यंत्रात, माझा माझ्या. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, हे सुरू झाल्यावर तुम्ही ह्याच्यावर काय करणार. मी म्हटलं, विजांचा नकाशा करायचा होता, पण ते काम सोमवारीच दुसऱ्याला गेलं.

“माझ्यामुळं?”

“नाही,” मी म्हणाले. “माझ्यामुळे.”

मी फाइल निवडली. पडद्यावर एक आडवी पट्टी आली आणि तिच्याखाली इंग्रजीत एक सूचना. मी ती मराठीत वाचून दाखवली. काम चालू आहे, पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नये.

“लाइट गेली तर?”

“मग बोर्ड कायमचा गेला.”

“आज कुठं काम न्हाई तारांचं,” ते म्हणाले, तरी त्यांनी एकदा वरच्या दिव्याकडे पाहून घेतलं.

आम्ही बसून राहिलो. पट्टी सरकत होती. दहा. पंधरा. बाहेरून टकटक येत होती. ट्रंकांवरचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. तीसला त्यांनी विचारलं, गारगोटीत थंडी लवकर पडते काय. मी हो म्हटलं. पन्नासला मी विचारलं, नातवाचं नाव काय. ‘विहान’ म्हणाले, आणि त्याला पैंजण म्हणजे काय ते माहीत नाही, असंही म्हणाले. नंतर कुणीच काही बोललं नाही. कोणाशी न बोलता बसण्याची मला सवय होती, पण एकटीला. असं दोघांनी बसणं वेगळं होतं. मला ते नव्वदच्या आसपास कळलं.

पट्टी भरली. खाली आकडा आला, शंभर, आणि ‘पूर्ण झालं’ असं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी वाचता येत नसलं तरी शंभर भिंतीजवळूनही वाचता आला असता.

“झालं?” काकांनी विचारलं.

“अजून थोडं आहे,” मी म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“हुं दे सावकाश,” म्हणाले, आणि चपला काढून पाय खुर्चीवर घेऊन बसले.